गोळी न सुटलेलं वर्ष

"एकही गोळी नाही? अख्ख्या वर्षात?" चैताली मॅडमनी चष्मा वर सरकवला.

"एकही नाही!" संघर्षची छाती फुगली होती. फुगणारच की. सातपूरच्या कारखान्यांमागची ही वस्ती म्हणजे पूर्वी गावठी कट्ट्यांचं आगर. पोरं वाढदिवसाला केक कापायच्या आधी हवेत गोळी झाडायची. त्यातलीच काही टाळकी निवडून, कट्टे पोलिसांत जमा करायला लावून, संघर्षनं त्यांना भांडणं मिटवायच्या कामाला जुंपलं. त्यांचे पगार, संस्थेची ही खोली, सगळं मॅडमच्या फंडावर चालायचं. त्याचा सख्खा धाकटा भाऊ धम्मपालही त्याच पोरांतला.

मॅडमनी लॅपटॉप मिटला. "मग अवघड आहे, संघर्ष सर. आमचं अनुदान जिथं गोळीबार होतो तिथंच जातं. नियमच तसा आहे."

घ्या! संघर्षला हसावं की रडावं कळेना. पगार थांबला की ही पोरं कुठं जाणार, हे त्याला चांगलं ठाऊक होतं. जुने भाई टपूनच बसले होते. "मॅडम, आम्ही रोज धावतो म्हणून शांत आहे हो," तो काकुळतीला आला. "निदान एक वर्ष द्या."

"मला पटतंय. पण वरच्यांना काय दाखवू?"

चहा घेऊन आलेली तानुबाई दारातच थबकली. तिचा एकुलता एक भिकन याच वस्तीत गोळी लागून गेला होता. "म्हंजे माणूस मेल्याबिगर पैसे नाय?" तिनं विचारलं. दाराबाहेरच्या बायकांनी ते ऐकलं आणि बघता बघता बातमी गल्लीभर झाली.

तेवढ्यात पाण्याच्या टाकीपाशी दोघांची जुंपल्याचा निरोप आला. "आलोच, दादा," म्हणत धम्मपालनं चपला अडकवल्या आणि पळाला.

उन्हं कलली होती. टाकीकडून आवाज आला. एकच. कोरडा.

"फटाका असेल ना?" संघर्षपाठोपाठ दारात येत मॅडमनी विचारलं.

वस्तीचा एक दंडक होता. हळद असो की बारसं, फटाका वाजवायच्या आधी संघर्षला सांगायचं. तो भोंग्यावरून पुकारायचा, म्हणजे लेकरं घाबरून पलंगाखाली शिरायची नाहीत. आज कोणीच काही सांगितलं नव्हतं.

पूर्वी असा आवाज झाला की धडाधड कड्या लागायच्या. आज दारं उघडली. एकामागून एक, अगदी हळू. बाया, बाप्ये, म्हातारी माणसं उंबऱ्यांवर येऊन उभी राहिली. कोणाला लागली, कोणी विचारेना. टाकीकडं कोणी बघेना. सगळे नुसते मॅडमकडं बघत होते.

तानुबाईच्या हातातला ट्रे खाली पडला. "धम्म्या रे!" करत ती एकटीच टाकीकडं धावली.

"वाचलो बाबा!" कोणीतरी बोललं. हलकेच, सुटकेचा निःश्वास टाकत.

असं बोलणाऱ्याचं थोबाड फोडायला संघर्ष चवताळून वळला. सगळी वस्ती त्याच्याच तोंडाकडं बघत होती. शब्द तिथूनच निघाले होते.