लाजाळूची हिरवळ

गुडघ्याच्या ऑपरेशननंतर चार महिने मुलीकडे काढून शरयूताई सांगलीला परतल्या, त्या चहालाही न थांबता थेट मागच्या अंगणात गेल्या. चप्पल काढून त्यांनी हिरवळीवर पाऊल टेकवलं, आणि भोवतीची सगळी पाती मिटून गेली.

त्यांना वाईट वाटलं, पण नवल वाटलं नाही. लाजाळूचा गुण घातलेलं ते गवत निगा राखणाऱ्यालाच ओळखायचं. बाकी कुणाचीही चाहूल लागली की मिटायचं. इतक्या दिवसांत ते त्यांना विसरलं असणार.

"अहो, तुम्ही या बघू. तुम्हाला तरी ओळखेल."

त्यांचे यजमान मुकुंदराव कडेलाच घुटमळले. "राहू दे गं, आत्ताच पाय धुतलेत."

"या म्हणते ना!"

ते आले. त्यांच्याही पायाखाली गवत मिटलं.

तेवढ्यात फाटक वाजलं. बागकाम कंपनीचं यंत्र रोजच्या सवयीनं आत शिरलं, आणि अख्खी हिरवळ सरसरून उघडली.

"माझी कंबर धरायची गं," मुकुंदराव पुटपुटले.

"मग तसं सांगायचं! नखांतली माती निघत नाही, असं रोज फोनवर कशाला सांगत होतात? मी तिकडे सगळ्यांना कौतुकानं सांगत सुटले होते."

"तू पुन्हा तण काढायला लागलीस की ओळखेल तुला," म्हणत त्यांनी आधाराला हात पुढे केला.

शरयूताईंनी आपला हात पदरात ओढून घेतला.