शिरीषचा झेल

"अरे, बॅट टाक आणि पळ!" ओरडून ओरडून नचिकेतचा घसा बसला होता. शिरीष पहिल्या बेसकडे पळाला खरा, पण बॅट हातात घट्ट धरूनच. क्रिकेट खेळून वाढलेला गडी. जित्याची खोड, दुसरं काय!

नचिकेतने कपाळावर हात मारला. युनिव्हर्सिटीची, म्हणजे युनिची, ही बेसबॉल टीम त्याने कशीबशी जिवंत ठेवली होती. लॉकडाउन लागला की सीझन बंद, उठला की पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. जुने खेळाडू कंटाळून गळाले, म्हणून त्याने ट्रुगानिना उपनगरात राहणारे आपलेच वर्गमित्र पकडून आणले. सगळे क्रिकेटवाले. तेव्हापासून एक सामना जिंकला असेल तर शपथ! युनिने स्पष्ट कळवलं होतं, आज हरलात तर टीम बंद. आणि नचिकेतला तर या टीमशिवाय मेलबर्नमध्ये दुसरं काही गोड लागत नव्हतं.

शेवटची इनिंग आली. नवल म्हणजे नचिकेतची टीम चक्क एका रनने पुढे होती. समोरच्यांचे दोघे बेसवर पळायला टपलेले. तेवढ्यात टोला उंच उडाला, थेट शिरीषच्या दिशेने. झालं, संपलं! नचिकेतने डोळेच मिटले. उघडले तर चेंडू शिरीषच्या हातात!

"फेक! आत फेक!"

बेसबॉलमध्ये झेल घेतला म्हणून खेळ थांबत नाही, बेसवरचे तरीही पळू शकतात, हे नचिकेतने त्याला शंभरदा बजावलं होतं. शिरीषने चेंडू फेकला. वर! क्रिकेटमध्ये आनंदाने उडवतात तसा. आणि दोन्ही हात पसरून धावत सुटला. चेंडू मागे गवतात लोळत राहिला. समोरच्यांचा एक रन झाला, दुसराही झाला. खेळ खलास.

नचिकेत तावातावाने त्याच्याकडे निघाला. याच्या सात पिढ्यांचा उद्धार करायचा, एवढंच त्याच्या डोक्यात होतं. पण त्याने तोंड उघडायच्या आत शिरीषने त्याला कडकडून मिठी मारली.

"नो हगिंग, मेट! डिस्टन्स!" अंपायर लांबून ओरडला.

शिरीष सोडेना. नचिकेतच्या खांद्यावर डोकं टेकून तो हमसून हमसून रडत होता.

"मे महिन्यात आई गेली रे. कोणाला बोललो नाही. सगळं फोनवरच बघितलं. त्यानंतर मला कोणी जवळसुद्धा घेतलेलं नाही." मग नाक ओढत त्याने विचारलं, "जिंकलो ना रे आपण?"

पलीकडे समोरची टीम नाचत होती. शिरीष मान वळवू लागला, तसं नचिकेतने त्याचं डोकं आपल्या खांद्यावर घट्ट दाबून धरलं.

"जिंकलो," तो म्हणाला.