दोर सोडणारे

“बाबा, तुम्हाला एकच वाक्य बोलायचंय,” मुलगी चौथ्यांदा म्हणाली. “आमची माणसं जोडीदाराला गटारात टाकून पळत नाहीत. बस्स. पुढचं मी बघते.”

वडील शर्टाचं वरचं बटण लावत होते.

“मला कशाला नेतेस? तू बोलतेस की चांगलं.”

“मी गटारात कधी उतरले नाही. तुम्ही तीस वर्षं उतरलात.”

आईने स्वयंपाकघरातूनच म्हटलं, “नको म्हणतायत तर राहू दे ना. महिना झाला, धड जेवत नाहीत.”

“त्या सिनेमामुळेच ना? मग ते प्रकरण मिटवायला नको?”

आतून भांड्यांचा आवाज आला.

भांडण सगळं सिनेमातल्या साडेतीन मिनिटांच्या एका प्रसंगावरून होतं. दोन गटार कामगार दारू पिऊन चेंबरच्या तोंडाशी बसलेले असतात. खाली उतरलेला तिसरा गुदमरतो, हाका मारतो. हे दोघं हातातला दोर सोडून पळून जातात.

सिनेमा लागला आणि आठवड्याभरात बसमधली पोरं कामगार दिसला की “दोर सोड रे” म्हणून हसायला लागली. कामगारांच्या वस्तीतल्या एकाला ठरलेली खोली घरमालकाने नाकारली. मग मोर्चा निघाला. मोर्चातल्या दोनशे जणांपैकी जेमतेम दहा जणांनी सिनेमा पाहिला होता. पण चीड दोनशे जणांची होती, आणि ती खरी होती.

मोर्चाच्या पुढे मुलगी होती. कॉलेजात शिकवायची, शब्दाला धार होती. दिग्दर्शकाला ती भर सभेत खोटारडा म्हणाली. असा प्रसंग कुठे घडला, कुणी सांगितला, याचं उत्तर त्याने द्यावं, असं तिने आव्हान दिलं. तो मूग गिळून बसला. त्याच रात्री कुणीतरी त्याच्या गाडीची काच फोडली, तो आत असताना. त्याच्या कपाळाला सहा टाके पडले. मुलीला वाईट वाटलं, पण फार नाही.

तिच्या आवेशामागे एक जुनी गोष्ट होती. ती तिने कुणाला सांगितली नव्हती.

शिकत असताना तिने मैत्रिणींना सांगितलं होतं की बाबा पाणीपुरवठा खात्यात साहेब आहेत. एकदा ती परीक्षेचं ओळखपत्र घरी विसरली. बाबा कामावरून तसेच धावत कॉलेजच्या फाटकाशी आले. गुडघ्यापर्यंत बूट, अंगाला तो वास. मैत्रिणीने विचारलं, हे कोण? ती म्हणाली, “आमच्या शेजारी राहतात.” बाबांनी ते ऐकलं. ओळखपत्र तिच्या हातात ठेवलं, “नीट लिही हं ताई,” म्हणाले आणि गेले. ताई. घरी त्यांनी तो विषय कधी काढला नाही. त्याला बारा वर्षं झाली होती, तरी आठवलं की तिचे कान तापायचे.

या वादासाठी सरकारने नेमलेल्या चौकशी समितीकडे जाताना बसमध्ये तिने धीर केला.

“बाबा, त्या दिवशी फाटकाशी मी तुम्हाला...”

“जाऊ दे.”

“जाऊ कसं देऊ? मला लाज वाटते हो स्वतःची.”

वडील खिडकीबाहेर बघत म्हणाले, “माणूस घाबरला की आपल्याच माणसाला सोडतो. घाबरलेल्या माणसाला माफ करायचं असतं का गं?”

“तुम्ही केलंत ना मला?”

“तुला केव्हाच केलं.”

तिने त्यांचा हात हातात घेतला. तो गार पडला होता. आज भर सभेत, सगळ्यांसमोर, ‘हे माझे वडील’ म्हणायचं, असं तिने मनाशी पक्कं केलं.

सभागृह गच्च भरलं होतं. टेबलामागे निवृत्त न्यायाधीशबाई आणि त्यांचे दोन सहकारी. एका बाजूला दिग्दर्शक एकटाच बसला होता, कपाळावर पट्टी. वडील आत येताच तो ताडकन उभा राहिला. त्याचा चेहरा पडला होता. आता कळतंय याला, मुलीच्या मनात आलं.

“हे माझे वडील,” ती माइकवर म्हणाली. “तीस वर्षं गटारात उतरले, म्हणून मी शिकले. कोण खरं बोलतंय ते त्यांनाच विचारा.”

टाळ्या पडल्या. तिचे डोळे भरून आले. बारा वर्षांचं ओझं उतरल्यासारखं तिला वाटलं.

वडील माइकपाशी आले. दिग्दर्शक घाईघाईने म्हणाला, “बाई, यांना बोलायला लावू नका. मी माफी मागतो. तो प्रसंग काढून टाकतो. आत्ता लिहून देतो.”

वस्तीतल्या लोकांनी एकच गलका केला. मुलगी जागेवरूनच म्हणाली, “का? खरं ऐकायची भीती वाटते?”

न्यायाधीशबाईंनी हात वर केला. सभागृह शांत झालं.

“बसा तुम्ही,” त्या दिग्दर्शकाला म्हणाल्या, मग वडिलांकडे वळल्या. “काका, सावकाश सांगा. हा प्रसंग खोटा आहे, असं तुमचं म्हणणं आहे?”

“हो, बाई. दोन ठिकाणी खोटा आहे.”

पुन्हा टाळ्या. मुलीने मागे वळून आपल्या लोकांकडे पाहिलं.

“कुठल्या दोन?”

“एक म्हणजे दारू. त्या दिवशी कुणी थेंबही घेतला नव्हता.”

कुणीतरी मागून शिट्टी वाजवली. वडील ती थांबेपर्यंत थांबले. त्यांनी दिग्दर्शकाकडे पाहिलं. तो नकारार्थी मान हलवत होता.

“आणि दुसरं?” बाईंनी विचारलं.

“दुसरा पळणारा. मी सांगितलेल्या गोष्टीत तो या साहेबांनी माझी लाज राखायला घातला. दोर धरून वर मी एकटाच होतो.”