सरांची वळख

ऐका ना रं, काल फिटरच्या ऑनलाइन कोर्सचा पैला दिवस. नवे सर म्हणाले, "मी नरेश, खोपोलीचा. ही माझी वळख," आणि डावा हात कॅमेऱ्यासमोर धरला. एकपण बोट नाय! "हातमोजा घालून ड्रिल चालवत होतो. फिरत्या ड्रिलमधी मोजा अडकला, बोटं घेऊनच गेला. ड्रिलवर मोजा कधीच घालायचा नाय." माझ्यामागं आई भाकऱ्या थापता थापता थांबली. "विकासच्या पिशवीत मीच नवे मोजे ठेवले रं. हाताला लागू नये म्हणून." विकास माझा दादा, कालच कंपनीत ड्रिलवर कामाला लागलेला. मी फोन लावला, परत लावला, पण कंपनीत मोबाइल गेटवरच ठेवून घेतात ना! तेवढ्यात आईचा फोन वाजला. पलीकडून एक बाई म्हणाली, "कंपनीतून बोलतेय. विकासच्या घरचे का?" आईनं पिठाचा हात पदराला पुसला. "कुठला हात गेला, बाय?"