आरशातली गाठ

बेटावरचे डॉक्टरकाका म्हणजे देवमाणूस, सल्ला फुकट. न्हाव्याचा पाय घसरला, तो बुडाला, हे त्यांनीच सांगितलं. तपास आटोपला, पोलीस आज परत निघणार होते.

दुकान आता न्हाव्याची मुलगी चालवायची. तिनं काकांना आग्रहानं खुर्चीत बसवलं.

"मान सरळ, काका."

कापड टाकून ती मागे सरकली. आरशात मात्र तिच्या बाबांचे डावखुरे हात गाठ मारत होते. काकांच्या गळ्याभोवती कापड खरोखरच आवळलं.

"सोड मला. हो, मीच ढकललं तुला!"

शेजारच्या गिऱ्हाइकानं तोंडावरचा टॉवेल काढला. ते फौजदार होते. "ऐकलं," ते म्हणाले.

मुलगी कितीतरी दिवसांनी हसली. "बाबा, झालं. सोडा आता."

हातांनी आणखी एक गाठ मारली.