केक आत गेला

तेलवाल्या देशांच्या संघटनेची बैठक, उत्पादन घटवायचं की नाही यावर, बंद दाराआड अडून बसली होती. केकवाल्या काकू ट्रॉली ढकलत आत शिरल्या आणि बाहेरचे पत्रकार उड्याच मारायला लागले. "केक! म्हणजे उत्पादन घटवायचं ठरलं!"

आत मंत्री अजून एकमेकांवर खेकसत होते. काकूंकडे कोणी ढुंकूनही पाहिलं नाही. तेवढ्यात सगळ्यांचे फोन एकदम वाजले.

"तेलाचा भाव कडाडला! आपण उत्पादन घटवलं म्हणे."

"कधी?"

अध्यक्षांनी केकवर नजर टाकली. भाव तर झकासच होता. "आत्ता," ते म्हणाले आणि त्यांनी काकूंकडे सुरी मागितली.

टाळ्यांच्या कडकडाटात काकू बाहेर आल्या, तोच नवऱ्याचा फोन. "अगं, शेजारच्या हॉलमधले ओरडताहेत. त्यांच्या साहेबांच्या निवृत्तीचा केक पोचलाच नाही म्हणे!"

"ते राहू द्या हो! आधी पळत जा आणि स्कूटरची टाकी फुल करून या!"