पायातले बूट

वेतन समितीच्या बाईंनी सीमेवरच्या चौकीत कागद वाटले: रोज किती तास काम करता? त्यावरून पगार ठरणार होता. सगळ्या जवानांनी लिहिलं, आठ. सुभेदार तापले. “शहाण्यांनो, पहारा कुठे गेला?” “साहेब, ते काय काम? नुसतं उभं राहायचं.” “आणि हाकेसरशी धावता यावं म्हणून बूट घालून झोपता, ते?” “झोपही लिहायची?” सुभेदारांनी कपाळाला हात लावला. “बूट पायात असलेला प्रत्येक तास लिहा. हक्काचं मागायला लाजता कशाला?” जवानांनी आकडे बदलले: सोळा, अठरा, वीस. गठ्ठा चाळताना बाईंना खुद्द सुभेदारांचा कागद सापडला. त्यावर आठच! “तुम्ही बूट कधी काढता?” “रजेवर, मॅडम. बायको दारातच काढायला लावते.” “शेवटची रजा कधी?” सुभेदार बोटांवर महिने मोजू लागले. दोन्ही हात संपले, तेव्हा बाईंनी आठ खोडून चोवीस लिहिले.